लढायांवरचे माहितीपट : आधी खिंड दाखवा, मग तलवार

उत्तरेश्वर_पेठ
टीव्हीवर लढाईचा माहितीपट लागला की हातातलं काम बाजूला ठेवून बसतो मी. पण अलीकडं बघून झाल्यावर समाधान होत नाही. तलवारी चमकतात, घोडे संथ गतीनं उधळतात, रक्ताचे शिंतोडे कॅमेऱ्याच्या काचेवर उडतात, निवेदक घसा ताणतो. पण लढाई त्याच जागी का झाली, त्याच दिवशी का झाली, सेनापतीसमोर दुसरा कुठला मार्ग होता आणि तो त्यानं का सोडला, यातलं काहीच कळत नाही.

आपण कोल्हापूरची माणसं. पन्हाळा हाकेच्या अंतरावर, पावनखिंड शाहूवाडी तालुक्यात, नेसरी गडहिंग्लज तालुक्यात. २८ डिसेंबर १६५९ ला विजापूरच्या आदिलशाहीचे सरदार रुस्तुमेजमान आणि फाजलखान यांच्या फौजेशी महाराजांची लढाई झाली ती तर खुद्द कोल्हापूरजवळ, अफजलखानाच्या वधानंतर दोन महिन्यांच्या आत. ती कधी पडद्यावर नीट आलेली मी तरी पाहिली नाही.

दोन प्रश्न आहेत. लढाई खरोखर जिवंत झाली असं कुठला माहितीपट बघताना वाटलं आणि कशामुळं? आणि उद्या कुणी पावनखिंडीवर करायला घेतला तर त्यात काय असलंच पाहिजे? चित्रपटांवर नको, त्यांचे धागे वेगळे आहेत.

वाघजाई
चांगला विषय. वाचतेय.

सानेगुरुजी_वसाहत
माझ्यापुरतं पहिल्या प्रश्नाचं उत्तर पक्कं आहे. बीबीसीचा १९६४ चा 'कलोडन', दिग्दर्शक पीटर वॉटकिन्स. लढाई १६ एप्रिल १७४६ ची, स्कॉटलंडमध्ये इन्व्हर्नेसजवळच्या माळरानावरची. त्या काळी टीव्हीचे बातमीदार असते तर त्यांनी ती कशी दाखवली असती, तशी त्यांनी दाखवलीय. कॅमेरा हातात, हलता. शिपायांशी बोलणं चाललंय आणि शिपाई सरळ आपल्याकडं बघतोय. नावाजलेला नट एकही नाही, सगळी साधी माणसं.

पण मला तो आवडला त्याचं कारण वेगळं आहे. आदल्या रात्री इंग्लंडच्या राजाविरुद्ध उठलेली स्कॉटिश फौज त्याच्या सैन्याच्या छावणीवर छापा घालायला अंधारात चालत निघाली होती. वेळेत पोचली नाही, तशीच माघारी आली. सकाळी मैदानात उभी राहिली ती उपाशी, न झोपलेली माणसं. लढाई तासाभरातच आटोपली. हे आधी कळलं की पुढचं प्रत्येक दृश्य वेगळं दिसतं. माणूस पळतोय तो भित्रा आहे म्हणून नाही, त्याच्या पायात जीव राहिलेला नाही म्हणून, हे आपल्याला न सांगता समजतं.

पन्हाळकर_मास्तर
सानेगुरुजी, हाच धागा पकडून बोलतो. रात्रीची चाल म्हणजे काय, हे आपल्याकडच्या कुठल्याही माहितीपटात येत नाही. पन्हाळ्यावरून १२ जुलै १६६० च्या रात्री महाराज निघाले आणि विशाळगडाला पोचले दुसऱ्या दिवशी. साठ किलोमीटरच्या वर वाट. मसाई पठार, कुंभारवाडी, करपेवाडी, पांढरेपाणी. आषाढी पौर्णिमेचा सुमार, पण आभाळ भरलेलं, चंद्राचा उपयोग किती झाला असेल तो असेल. पठारावर जांभ्याचा निसरडा कातळ, खाली उतरलं की भाताच्या खाचरांतला चिखल. त्यात पालखी खांद्यावर घेऊन भोई पळतायत.

टीव्हीवर हा सगळा प्रवास अर्ध्या मिनिटात उरकतात आणि थेट खिंडीत नेऊन सोडतात. मग बाजीप्रभूंनी खिंड अडवली तेव्हा त्यांच्या माणसांच्या अंगात किती बळ उरलं होतं हे मुलांना कळणार कसं? मी वर्गात दाखवतो म्हणून जास्त टोचतं. चौथीपासून गोष्ट पाठ असलेली मुलं, पण ही माणसं रात्रभर चालून आली होती हे सांगितलं की डोळे मोठे करतात.

तात्या_गंगावेश
मास्तर बराबर बोलल्यात. आता हत्याराचं बोलतो. आमच्या तालमीत मर्दानी खेळ शिकवत्यात, लाठी, फरीगदका, पट्टा, विटा समदं. टीव्हीवर पट्टा फिरवणारा बघितला की जीव जातो माझा. मनगटानं फिरवतोय! पट्ट्याला मनगट वाकतंच न्हाई. हात खोबळ्यात, म्हंजे मुठीच्या लोखंडी खोळीत, कोपरापातूर गेलेला असतो, फिरतो तो खांदा, कंबर आन पाय. पाय चुकला की पट्टा सोताच्याच अंगावर येतो. पयले सा महिने आमचा वस्ताद नुसतं पवित्रं घ्याला लावतो, पोरं वैतागत्यात.

आन पट्ट्याला जागा लागती. दोन्ही अंगाला मोकळं पायजे. खिंडीत एकाला एक चिकटून दहा माणसं पट्टं फिरवताना दावली तर ती एकमेकाचीच मुंडकी काढतील. खिंडीत कोण म्होरं उभा ऱ्हाणार, कोण दगूड टाकणार, भालंवाला कुटं, ह्येचा इचार करून दावला पायजे.

शाहूपुरी_चौथी_गल्ली
नाद खुळा तात्या! हा प्रतिसाद पाहिजे तिकडं पाठवायला पाहिजे.

मृगाचा_पाऊस
मी काही वर्षं चित्रीकरणाच्या कामात होते, म्हणून दुसऱ्या बाजूनं लिहिते. एका वाहिनीसाठी पावनखिंडीचा भाग करायचा होता. तारखा मिळाल्या मे महिन्यात. जुलैची रात्र उभी करायची आणि गवत वाळून पिवळं, घोडा पळाला की टाचेमागं धुरळा. मग टँकर मागवला, फवारे लावले. फवाऱ्याचा पाऊस चौकटीच्या मधोमध पडायचा आणि मागची टेकडी कोरडी ठणठणीत. शेवटी सगळं जवळून घ्यायचं ठरलं. चेहरा, हात, पातं, चेहरा, हात, पातं. तुम्ही म्हणता ना की जागाच दिसत नाही, ती अशी नाहीशी होते. पैसे कमी, दिवस कमी, आणि कॅमेरा मागं नेला की सोंग उघडं पडतं.

माझं म्हणणं, एवढ्याच पैशात प्रसंग उभे करायचेच कशाला? जुलैत जा. एक कॅमेरावाला आणि एक वाटाड्या घेऊन ती वाट रात्री चाला. धुक्यात समोरचा माणूस दिसत नाही, एवढं एक दृश्य खरं मिळालं तरी पन्नास नकली मावळ्यांच्या वर आहे.

दुर्गवारी
ताई, सहमत आणि असहमतही. नुसती वाट, धुकं आणि निवेदन म्हणजे प्रवासाचा कार्यक्रम होईल. लढाईत माणसं होती, ती दिसायला हवीत. बीबीसीवर २००४ मध्ये 'बॅटलफील्ड ब्रिटन' लागायचं, पीटर स्नो आणि डॅन स्नो, बापलेक. बाप संगणकावरच्या नकाशावरून सैन्य कसं हललं ते समजावायचा आणि लेक प्रत्यक्ष जागेवर जाऊन शिपायाला काय सोसावं लागलं ते करून बघायचा. नकाशा आणि अंग, दोन्ही. तसं आपल्याकडं सहज होईल. तात्यांच्या तालमीतली पोरं आहेत, वाटा माहीत असलेली माणसं आहेत, आणि या शहराला चित्रीकरण नवीन नाही. बाबूराव पेंटरांनी स्वतः कॅमेरा बनवून इथं चित्रपट काढले, १९२३ चा 'सिंहगड' त्यांचाच.

रुईकर_कॉलनी
प्रसंग उभे करण्यावर माझा मूळ आक्षेप आहे. एकदा दृश्य डोळ्यात बसलं की तेच खरं होऊन बसतं. १९१६ मध्ये पहिल्या महायुद्धातल्या सोमच्या लढाईवरचा चित्रपट ब्रिटनमध्ये लाखो लोकांनी पाहिला. खंदकातून वर चढून जाणारे शिपाई, त्यातले काही जागीच कोसळतात, हा त्यातला सगळ्यात गाजलेला भाग. तो आघाडीवरचा नव्हे, मागं सरावाच्या जागी मुद्दाम घेतलेला. तरी पुढं कितीतरी माहितीपटांत तोच तुकडा अस्सल म्हणून वापरला गेला.

याच्या उलट टोक म्हणजे केन बर्न्स यांची अमेरिकेतल्या यादवी युद्धावरची 'द सिव्हिल वॉर' ही मालिका, सप्टेंबर १९९०, नऊ भाग. उभा केलेला लढाईचा एकही प्रसंग नाही. जुने फोटो, त्यावरून सावकाश फिरणारा कॅमेरा, आणि पत्रं. सलिव्हन बॅलू नावाच्या अधिकाऱ्यानं जुलै १८६१ मध्ये बायकोला लिहिलेलं पत्र वाचून दाखवतात. पत्र लिहिल्यावर आठवड्याभरात बुल रनच्या लढाईत तो जायबंदी झाला, त्यातच गेला. ते पत्र ऐकताना मला जी लढाई दिसली ती कुठल्याही तोफगोळ्यात दिसली नाही.

उत्तरेश्वर_पेठ
@रुईकर_कॉलनी, पटलं. पण १६६० चे फोटो कुठून आणायचे? आणि मावळ्यानं बायकोला लिहिलेलं पत्र?

रुईकर_कॉलनी
फोटो नाहीत, कागद आहेत. पन्हाळ्याच्या वेढ्याचंच घ्या. राजापूरच्या वखारीतले इंग्रज, त्यांचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन, सिद्दी जौहरला तोफा घेऊन मदतीला आले आणि इंग्रजांचं निशाण लावून गडावर मारा केला. हे कंपनीच्या स्वतःच्या पत्रव्यवहारात आहे आणि वरिष्ठांनी त्यावर कानउघाडणीही केलीय. पुढं १६६१ मध्ये महाराजांनी राजापूर मारलं, रेव्हिंग्टन आणि त्याचे सहकारी कैदेत पडले. पत्र वाचून दाखवा, निशाण दाखवा, गडाखालची ती जागा दाखवा. मुलं खुर्चीच्या कडेवर येऊन बसतील.

पन्हाळकर_मास्तर
अगदी. वर्गात हे सांगितलं की पहिला प्रश्न येतो, 'सर, इंग्रज तेव्हापासूनच इथं होते?' तिथून तास कुठल्या कुठं जातो.

आणि वेढ्यातली चाल तर कुणी धड सांगतच नाही. मार्चपासून वेढा. नेतोजी पालकरांनी बाहेरून मदत पोचवायचा प्रयत्न केला, तो फसला. तिकडं मे महिन्यात शाएस्तेखान पुण्यात येऊन बसला. म्हणजे महाराजांना गडावर पावसाळा काढणं परवडणारंच नव्हतं. म्हणून शरण येण्याची बोलणी, त्यानं सैल झालेले पहारे, आणि दुसऱ्या पालखीतून गेलेले शिवा काशीद. नेबापूरचा माणूस, महाराजांसारखा दिसतो एवढ्यावर मरणाकडं चालत गेला. त्या पालखीत बसताना त्याला पुढचं सगळं दिसत असणार. माहितीपटात त्याला दहा सेकंद मिळतात, ते वाईट वाटतं.

मसाई_पठार
पावसाचा मुद्दा राहिला. तोड्याची बंदूक म्हणजे जळता तोडा (पेटती वात) आणि उघडी रंजक (पेट घेणारी दारू). आषाढाच्या पावसात ती चालणार नाही. म्हणजे खिंडीतली लढाई पूर्णपणे तलवार, भाला आणि दगडांची. माहितीपटात पाठलागावरच्या सिद्दी मसूदची माणसं सर्रास बंदुका झाडताना दाखवतात ते चूक.

दुर्गवारी
सरसकट तसं म्हणता येणार नाही. पावसात बंदूक अवघड, अशक्य नाही. झाकून नेता येते, सर थांबली की वापरता येते. आणि इशाऱ्याच्या तोफा विशाळगडावरून उडाल्याच ना त्याच पावसात?

मसाई_पठार
गडावरची तोफ छपराखाली ठेवता येते, दारूही कोठारात कोरडी राहते. रात्रभर भिजत आलेल्या स्वाराचं तसं नाही. पण 'सर थांबली की' हा मुद्दा मान्य. मग माहितीपटात हेच दाखवा की. भिजवलेला तोडा, कोरडा तोडा, दोन्ही पेटवून बघा.

तोफेवरून आठवलं. तोफेचा आवाज खिंडीपर्यंत पोचायला वेळ लागतो. सेकंदाला साधारण ३४० मीटर म्हटलं तर तीन किलोमीटरला जवळजवळ नऊ सेकंद. वाऱ्याची दिशा, पाऊस, मधले डोंगर, सगळं आडवं येणार. हा प्रयोग कुणीतरी खरा करून बघायला पाहिजे.

तात्या_गंगावेश
तोफ उडवायची परवानगी काढा, बत्ती मी देतो.

शाहूपुरी_चौथी_गल्ली
तात्या, आवाज ऐकायला खिंडीत पण कोणतरी पाहिजे. मी थांबतो. येताना पन्हाळ्यावरची झुणका-भाकरी बांधून आणा.

वाघजाई
झुणका-भाकरीसोबत खर्डाही.

नेसरीकर
गाडी खाण्यावर जायच्या आत आमच्या नेसरीचं बोलतो. २४ फेब्रुवारी १६७४, प्रतापराव गुजर. जो तो माहितीपट सात घोडे दाखवतो, मागं गाणं वाजतं, संपलं. प्रतापराव असे का धावले हे समजायचं तर आधीच्या वर्षी जावं लागतं. एप्रिल १६७३, उमराणी. प्रतापरावांनी विजापूरच्या बहलोलखानाचं पाणी तोडलं, फौज तहानेनं व्याकूळ केली, खान वाटेवर आला आणि त्याला सोडून दिलं. तोच खान पुन्हा उलटला. महाराजांचा राग, तोंड दाखवू नका हा निरोप, आणि त्यानंतर नेसरी. मग ते धावणं वेडेपणाचं वाटत नाही. त्या माणसावर काय ओझं होतं ते दिसतं.

कागदाचा विषय निघालाय म्हणून सांगतो. मुंबईच्या इंग्रजांचा दुभाषी नारायण शेणवी याच्या १६७४ च्या पत्रात ही बातमी आहे. दोन डोंगरांमधली अरुंद जागा, प्रतापराव आणि बरोबर सहा स्वार. घटनेनंतर थोड्याच आठवड्यांत लिहिलेलं. गावात उभं राहून ते पत्र वाचून दाखवलं असतं तर गाण्याची गरज पडली नसती. आणि पुढचंही दाखवा. महाराजांनी प्रतापरावांच्या लेकीला, जानकीबाईंना, राजाराम महाराजांसाठी सून करून घेतलं. लढाईचा शेवट रणांगणावर होत नाही, घरात होतो.

करवीरकन्या
नेसरीकर काका, शेवटच्या वाक्यासाठी धन्यवाद. आता मी भांडते थोडी.

इथपर्यंतच्या सगळ्या प्रतिसादांत एकाही बाईचं नाव जानकीबाईंच्या आधी आलं नाही. कावळा नाक्यावर ताराराणींचा घोड्यावरचा पुतळा आपण रोज बघतो. १७०० ते १७०७ या बाईनं औरंगजेबाशी युद्ध चालवलं. आणि ती लढाई आपल्याच अंगणात झाली. १७०१ मध्ये औरंगजेबानं जातीनं पन्हाळ्याला वेढा घातला. मग विशाळगड. तो वेढा १७०२ च्या जूनपर्यंत चालला. शेवटी गड लढवणाऱ्या परशुराम त्र्यंबकांनी पैसे घेऊन गड दिला. बादशहानं त्याचं नाव सख्खरलना ठेवलं.

आता गंमत बघा. गड मिळाला आणि पाऊस लागला. बादशहाची फौज विशाळगडावरून पन्हाळ्याकडं निघाली. हत्ती, उंट, तोफा, तंबू, बाजारबुणगे. चिखल, फुगलेले ओढे, दाणावैरण नाही, जनावरं वाटेत मरतायत. पन्हाळ्याच्या पायथ्याला पोचायला महिन्याहून जास्त काळ गेला. ज्या मुलखातून आपली माणसं १६६० मध्ये एक रात्र आणि एक दिवसात पार झाली, त्याच मुलखातून, त्याच पावसात, जगातल्या सगळ्यात श्रीमंत बादशहाची फौज महिनाभर रखडली. यावर माहितीपट का नाही? यात संथ गतीनं तलवार फिरवायला जागाच नाही म्हणून?

पन्हाळकर_मास्तर
करवीरकन्या, हे दोन प्रवास शेजारी शेजारी ठेवायचे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं. पोरी, उद्याच वर्गात सांगतो.

सानेगुरुजी_वसाहत
हाच माहितीपट आहे. दोन पावसाळे, एक वाट. बेचाळीस वर्षांचं अंतर. नकाशावर एकाच वेळी दोन ठिपके सोडायचे. एक दुसऱ्या दिवशी विशाळगडाला टेकतो. दुसरा तिकडून निघतो आणि सरकतच नाही. खाली तारखा पडत राहतात.

मृगाचा_पाऊस
आणि याला मावळे, घोडे, टँकर काही लागत नाही. नकाशा, वाट, पाऊस आणि कागद. खर्चात बसतं. मात्र जुलैतच करायचं, या अटीवर मी बरोबर आहे.

रुईकर_कॉलनी
एक अट माझीही. आकडा सांगितला की तो कुणाचा हे लगेच सांगायचं. बखरीचा, इंग्रजांचा, मोगल दरबाराचा. पडद्यावर कोपऱ्यात लिहिलं तरी चालेल. फौजेचे आकडे प्रत्येकानं आपल्या सोयीनं फुगवलेत, ते निवेदकानं एका सुरात सांगितले की बघणाऱ्याची फसवणूक होते.

दुर्गवारी
या यादीत मी १६७३ चा पन्हाळाही घालतो. कोंडाजी फर्जंद, साठ माणसं, ६ मार्चची रात्र, कडा चढून वर. वर जाऊन कर्णे फुंकले, गडावरच्यांना वाटलं मोठी फौज घुसली. त्याच वर्षी जयराम पिंड्ये यांनी त्यावर संस्कृतात काव्य रचलं. म्हणजे घटनेला लगटून असलेलं साधन आहे. रात्री गडाच्या कड्याखाली एक कर्णा फुंकून बघा, आवाज कुठून आला ते वरच्याला समजतं का.

वाघजाई
आणि १८४४ चं गडकऱ्यांचं बंड? सामानगड, पन्हाळा. इंग्रजांनी पन्हाळा घेतल्यावर चार दरवाजा पाडला. आज गाडी गडावर चढते ती त्याच जागेवरून, आणि तिथं काय होतं हे आपण बाहेरून आलेल्या पाहुण्यांना सांगतसुद्धा नाही. मला तरी वाटतं की पडलेला दरवाजा संगणकावर उभा करून दाखवणं हा त्या चित्रांचा खरा उपयोग. नकली माणसं उभी करण्यापेक्षा नाहीशी झालेली भिंत उभी करा.

मसाई_पठार
वाघजाई ताईंना दहा पैकी दहा. गड होता तसा दिसला तर वेढा आपोआप कळतो.

उत्तरेश्वर_पेठ
एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. माझ्या मूळ प्रश्नाकडं येतो. कलोडनमधली न झोपलेली माणसं, बॅलूचं पत्र, शेणवींचं पत्र, दोन पावसाळ्यांची एक वाट. सगळ्यांत लढाईच्या आधीचे तास आणि पायाखालची जमीन आहे. घाव घालतानाचा क्षण कुणालाच आठवला नाही, आणि वाहिन्या सगळा पैसा नेमका त्यावर घालतात.

ठरवूया का मग? मोठ्या वाहिनीची वाट बघायची नाही. अर्ध्या तासाचा, आपल्या आपण. मास्तर आणि रुईकर कागद काढतील. मृगाचा पाऊस ताई कॅमेऱ्याचं बघतील. करवीरकन्येनं १७०२ चा भाग लिहायचा. तात्यांनी पट्टा आणि खिंडीतली माणसांची मांडणी.

करवीरकन्या
लिहिते. पण निवेदनही बाईच्या आवाजात पाहिजे, हे आत्ताच सांगून ठेवते.

तात्या_गंगावेश
आमच्या तालमीतली एक पोरगी पट्टा फिरवती, आवाज बी खणखणीत हाय. तिला इचारतो.

नेसरीकर
नेसरीचं पुढच्या वर्षी. महाशिवरात्रीला या, राहायची सोय माझ्याकडं.

मृगाचा_पाऊस
रात्री चालायचं तर वनखात्याला आणि वाटेतल्या वाड्यांना आधी कळवायला पाहिजे. रविवारी सकाळी बिंदू चौकात कोण कोण येऊ शकतं ते इथंच लिहा.

मसाई_पठार
मी येतो. कुंभारवाडीपर्यंतची वाट मला अंधारातही सापडते, पुढचा माणूस शोधू.